धागा : एमडी प्रबंधातून शोधनिबंध – राष्ट्रीय सार्वजनिक आरोग्य जर्नलला लेख पाठवताना

पाषाण_पीएसएम
नमस्कार. एमडी पीएसएमचा (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) प्रबंध विद्यापीठात जमा झाला आहे. आता त्यातून एक मूळ संशोधन लेख काढायचा आहे. विषय : पुण्यातल्या एका वस्तीतले ३० वर्षांवरचे उच्च रक्तदाबाचे रुग्ण औषधे नियमित घेतात का, आणि घेत नसतील तर का नाही. क्रॉस-सेक्शनल (एकाच वेळी केलेली पाहणी) अभ्यास, रुग्ण ३६०. औषधांचे सातत्य आठ प्रश्नांच्या मोरिस्की मोजपट्टीने मोजले, आर्थिक स्तर दरडोई उत्पन्नावर आधारलेल्या बी. जी. प्रसाद वर्गीकरणाने. प्रबंध १०४ पानांचा, तक्ते ३१.

इंडियन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थ किंवा इंडियन जर्नल ऑफ कम्युनिटी मेडिसिनला पाठवायचा विचार आहे. १०४ पानांचे तीनेक हजार शब्द कसे करायचे, कोणत्या फाइल लागतात आणि समीक्षकांकडे न जाता संपादकाच्या टेबलावरूनच लेख परत का येतात, हे जाणकारांनी सांगावे.

ग्रंथपाल_कोथरूड
आधी जर्नलबद्दल. तुम्ही म्हणता ती दोन्ही त्या त्या संघटनेची अधिकृत नियतकालिके आहेत. पहिले भारतीय सार्वजनिक आरोग्य संघटनेचे, १९५६ पासूनचे, त्रैमासिक. दुसरे पीएसएम क्षेत्रातल्या तज्ज्ञांच्या संघटनेचे, द्वैमासिक. वर्षाला चार किंवा सहा अंक म्हणजे जागा मोजकीच, हे गणित पाठवण्याआधी डोक्यात असू द्या. आयसीएमआरचे इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च १९१३ पासून निघते, पण तिथे एका वस्तीतल्या ३६० रुग्णांच्या अभ्यासाला जागा मिळणे अवघड.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यूजीसी-केअर या मान्य जर्नलांच्या यादीत आहे का, हा प्रश्न आता विचारू नका. त्या यादीचे काम आपल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातूनच चालायचे, पण २०२५ च्या फेब्रुवारीत यूजीसीने ती यादीच बंद केली. तपासणी आता ज्याची त्याने करायची आहे. ती अशी करा :

अमेरिकन राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या एनएलएम कॅटलॉगमध्ये जर्नलचे नाव किंवा आठ अंकी आयएसएसएन टाका. सध्या मेडलाइन या निवडक जर्नलांच्या सूचीत अनुक्रमित आहे की नाही, ते तिथे स्पष्ट लिहिलेले असते. नुसते पबमेड या लेख शोधण्याच्या सोयीत शोधून एखादा लेख सापडला म्हणून जर्नल अनुक्रमित ठरत नाही. एखाद्या संशोधकाने निधीच्या अटीमुळे स्वतःचा लेख पीएमसी या मोफत लेखभांडारात जमा केला, तरी तो पबमेडमध्ये दिसतो. बनावट जर्नले याच एका लेखाचा दुवा दाखवून 'आम्ही पबमेडमध्ये आहोत' असे सांगतात.

दुसरे म्हणजे, जर्नलच्या संकेतस्थळावर गूगलमधून जाऊ नका. संघटनेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जा आणि तिथल्या दुव्यावरून जर्नलकडे वळा. नामांकित जर्नलच्या नावाने हुबेहूब दुसरे संकेतस्थळ उभे करून पैसे उकळणारे लोक आहेत. ईमेलमध्ये 'आदरणीय डॉक्टर, आपला लेख सात दिवसांत प्रसिद्ध करू' असे आले की ते तिथेच सोडून द्या. सात दिवसांत समीक्षण होत नाही.

मुळाकाठ
वरच्याला पुस्ती. पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये करंट सायन्समध्ये जुन्या, म्हणजे केअरच्या आधीच्या, यूजीसी यादीची चिरफाड केली होती. विद्यापीठांनी शिफारस केलेल्या जर्नलांपैकी त्यांनी तपासलेली सुमारे ८८ टक्के दर्जाहीन निघाली. म्हणजे 'यादीत आहे' हा निकष तेव्हाही पुरेसा नव्हता.

शुल्काची रक्कम मुद्दाम लिहीत नाही. प्रकाशक बदलतात तशी ती बदलते. लेख पाठवण्याच्या आठवड्यात लेखकांसाठीच्या सूचनांचे पान उघडा, पीडीएफ करून ठेवा आणि तेच प्रमाण माना. सीनियरने दिलेली जुनी सूचनांची झेरॉक्स वापरल्यामुळे शब्दमर्यादा आणि फाइलचे स्वरूप दोन्ही चुकते.

संपादनसहाय
आता १०४ पानांकडे. प्रबंध कापून लेख होत नाही, हे पहिल्या दिवशीच मान्य करा. प्रबंध परीक्षकाला दाखवतो की विद्यार्थ्याने सगळे वाचले आणि सगळे केले. लेख एका प्रश्नाचे उत्तर देतो. म्हणून कोरे पान घ्या आणि सर्वात आधी एकच वाक्य लिहा : या लेखातून कोणाला काय नवे कळेल? तुमच्या बाबतीत ते 'सातत्य कमी आहे' असे असेल तर लेख तिथेच अडकतो, कारण ते सगळ्यांना माहीत आहे. 'मनपाच्या दवाखान्यातून मोफत औषध घेणारे आणि खासगीतून विकत घेणारे यांच्यात फरक किती, आणि गोळ्या संपल्यामुळे खंड पडलेले किती' असे काही तुमच्या आकड्यांत असेल, तर त्याच्यावर कोणीतरी कृती करू शकते. ३१ तक्त्यांमधून त्या वाक्याला लागणारे तीन किंवा चार ठेवा. बाकीचे प्रबंधात राहू द्या, ते वाया जात नाहीत.

शब्दांची वाटणी साधारण अशी बसते : प्रस्तावना ३०० ते ३५०, साहित्य व पद्धती ७०० ते ८००, निष्कर्ष (रिझल्ट्स) ६००, चर्चा ८०० ते ९००. प्रबंधातली प्रस्तावना जागतिक आरोग्य संघटनेपासून सुरू होऊन भारत, महाराष्ट्र, पुणे अशी उतरत येते. लेखात तिचे तीन परिच्छेद पुरतात : प्रश्न किती मोठा आहे, आधीच्या अभ्यासांनी काय सोडले आहे, आणि म्हणून आपण काय पाहिले. 'साहित्याचा आढावा' हा भाग पूर्ण जातो. त्यातले आठदहा संदर्भ चर्चेत येतील.

सारांश शेवटी लिहा, पण सर्वाधिक वेळ त्यालाच द्या. बहुतेक ठिकाणी २५० शब्द आणि पार्श्वभूमी, उद्दिष्टे, पद्धती, निष्कर्ष, अनुमान असे ठरलेले मथळे असतात. संपादक निर्णय घेतो तो सारांश आणि शीर्षक पाहून. सारांशात आकडे हवेत : किती जण, किती टक्के, ९५ टक्के विश्वास मर्यादा (खरा आकडा ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असावा ते आकडे) किती. 'महत्त्वाचा संबंध आढळला' या वाक्यातून कोणालाच काही कळत नाही.

आकडेमोड
मी पद्धती आणि आकडेवारीवर लिहितो. टेबलावरून परत येणाऱ्या लेखांत सर्वाधिक घोळ इथेच असतो, म्हणून लांब लिहितो आहे.

नमुन्याचा आकार. ३६० हा आकडा पाहून अंदाज येतो की ३० टक्के प्रमाण आणि ५ टक्के निरपेक्ष त्रुटी धरली असावी. ३.८४ × ०.३ × ०.७ भागिले ०.००२५ म्हणजे ३२३, आणि १० टक्के लोक प्रतिसाद देणार नाहीत असे धरून ३५९. (इथे ३२३ ला ०.९ ने भागायचे असते, १.१ ने गुणायचे नसते. गुणले तर ३५५ येतात.) आता खरा प्रश्न : ते ३० टक्के कशाचे? प्रौढांमधल्या उच्च रक्तदाबाचे असतील तर गणितच चुकले, कारण तुमचा प्रश्न रुग्णांमधल्या औषधसातत्याचा आहे. सूत्रात सातत्याचे प्रमाण हवे. प्रबंधांमध्ये ही चूक सर्रास असते आणि समीक्षक ती पहिल्या वाचनात पकडतो. तुमच्याकडे तसे झाले असेल तर आकडा मागाहून बसवू नका. जे गृहीत धरले होते तेच लिहा आणि मिळालेल्या नमुन्यात सातत्याचा अंदाज किती अचूक आला, ते विश्वास मर्यादेने दाखवा. ३६० मध्ये ६० टक्के नियमित असतील तर मर्यादा साधारण ५५ ते ६५ येते, जी बऱ्यापैकी आहे.

निवड. 'सिंपल रँडम सॅम्पलिंग' लिहिले तर यादी कुठून आणली ते सांगावेच लागते. आशाताईंच्या नोंदवहीतून? दवाखान्याच्या एनसीडी (असंसर्गजन्य आजारांच्या) नोंदींतून? दवाखान्याच्या यादीतून घेतले असतील तर जे कधी दवाखान्यात आलेच नाहीत ते तुमच्या अभ्यासात नाहीत, आणि सातत्याच्या अभ्यासात हा फार मोठा फरक पडतो. गल्लीत शिरून जे भेटले ते घेतले असतील तर ती सोयीची निवड आहे, तसेच लिहा. वस्तीत सकाळी अकराला गेल्यावर घरात बायका आणि म्हातारी माणसेच भेटतात. कामावर जाणारे पुरुष निसटतात. नमुन्यात ७० टक्के स्त्रिया असतील तर समीक्षक विचारणारच : संध्याकाळी किंवा रविवारी परत गेलात का, बंद घराला किती फेऱ्या मारल्या, किती जणांनी नकार दिला? एकूण घरे, पात्र रुग्ण, भेटलेले, नकार दिलेले, विश्लेषणात आलेले अशी उतरती आकृती द्या. पाव पानात काम होते.

मोजमाप. रक्तदाब मोजला असेल तर यंत्राचा प्रकार आणि मॉडेल, कफचा आकार, आधी पाच मिनिटे बसवले की नाही, किती वेळा मोजले, मध्ये किती अंतर ठेवले, सरासरी कोणत्या मोजमापांची घेतली हे सगळे हवे. 'प्रमाणित पद्धतीने मोजला' एवढ्यावर भागत नाही.

प्रसाद वर्गीकरण. मूळ १९६१ चे आहे, म्हणून ते औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाने अद्ययावत करावे लागते. २०१६ पायाभूत वर्षाच्या नव्या मालिकेचा आकडा थेट जुन्या सूत्रात घालून चालत नाही. त्याला २.८८, ४.६३ आणि ४.९३ या जोड-गुणकांनी गुणून १९६० च्या मालिकेत न्यायचे आणि १०० ने भागायचे. समजा निर्देशांक १४० आहे, तर गुणक ९२ येतो, म्हणजे मूळ दरडोई १०० रुपयांची वरच्या वर्गाची सीमा आज सुमारे ९२०० रुपये होते. २.८८ विसरलात तर हीच सीमा ३२०० च्या आसपास येते आणि वस्तीतले निम्मे लोक वरच्या वर्गात जाऊन बसतात! कोणत्या महिन्याचा निर्देशांक घेतला ते एका वाक्यात लिहा.

विश्लेषण. क्रॉस-सेक्शनल अभ्यासात परिणाम (इथे अनियमितपणा) सर्रास आढळणारा असेल तर ऑड्स रेशो (अनियमित भागिले नियमित, या दोन गटांतल्या आकड्यांचे गुणोत्तर) फुगतो. एका गटात ६० टक्के आणि दुसऱ्यात ४० टक्के अनियमित असतील तर प्रमाणांचे गुणोत्तर १.५ आहे, पण ऑड्स रेशो २.२५ येतो. तो 'सव्वादोन पट धोका' म्हणून लिहिला की समीक्षक भडकतात आणि बरोबरच भडकतात. प्रिव्हलन्स रेशो, म्हणजे हेच प्रमाणांचे गुणोत्तर, द्या. रोबस्ट पॉयसन रिग्रेशन या सांख्यिकी पद्धतीने तो मिळतो. मॉडेलमध्ये किती चल (वय, लिंग यांसारखे घटक) घालायचे, तर परिणाम घडलेल्या दर दहा रुग्णांमागे एक, हा ढोबळ हिशोब. १४४ जण अनियमित असतील तर चौदाच्या पुढे जाऊ नका. आणि 'पी = ०.०००' असे कधीही लिहू नका. सॉफ्टवेअर तीन दशांश दाखवते म्हणून तसे दिसते, लेखात 'पी < ०.००१' जाते.

वारजे_वाचक
ऑड्स रेशो असलेले असंख्य लेख याच दोन जर्नलांत छापून आलेले आहेत की. मग आता बदलायची सक्ती का?

आकडेमोड
सक्ती नाही. ऑड्स रेशो दिला तरी चालतो, फक्त तो 'धोका' किंवा 'शक्यता इतकी पट' असा वाचू नका आणि प्रत्येक गटातली टक्केवारी शेजारी द्या. पण दुरुस्तीच्या फेरीत हेच विश्लेषण पुन्हा करायला लागण्यापेक्षा आत्ता केलेले बरे, एवढेच माझे म्हणणे.

मुळाकाठ
पाषाण, तुमच्या पोस्टमध्ये सर्वात काळजीची गोष्ट वेगळीच आहे : आठ प्रश्नांची मोरिस्की मोजपट्टी. तिच्यावर मालकी हक्क आहे आणि परवाना घेतल्याशिवाय ती वापरता येत नाही. परवाना नसल्यामुळे प्रसिद्ध झालेले लेख मागे घ्यावे लागल्याची उदाहरणे आहेत. तुमच्याकडे परवान्याचे पत्र आहे का? नसेल तर लेख पाठवण्याआधी हक्कधारकांशी लेखी संपर्क साधा. 'सगळेच वापरतात' हे कारण संपादक ऐकून घेणार नाही.

पाषाण_पीएसएम
परवाना नाही. गाईडच्या आधीच्या विद्यार्थ्याने वापरलेली मराठी प्रश्नावली घेतली होती. पण गेल्या ३० दिवसांत किती दिवस गोळी चुकली, हा स्वतंत्र प्रश्न विचारला आहे आणि घरातल्या शिल्लक गोळ्याही मोजल्या आहेत.

मुळाकाठ
मग मार्ग आहे. शिल्लक गोळ्यांवरून सातत्याचे प्रमाण काढा : घेतलेल्या गोळ्या भागिले घ्यायला हव्या होत्या त्या गोळ्या, गुणिले १००. ८० टक्के आणि त्यावर म्हणजे नियमित, ही सीमा या विषयात रूढ आहे. हाच मुख्य परिणाम ठेवा. मात्र एथिक्स कमिटीने मंजूर केलेल्या आराखड्यात गोळ्या मोजण्याचा उल्लेख आहे ना, ते पाहा. मोजपट्टीची माहिती गोळा केली होती ही गोष्ट लपवू नका. 'परवान्याअभावी त्या माहितीचे विश्लेषण या लेखात घेतलेले नाही' असे एक वाक्य पद्धतींमध्ये लिहा. आणि त्या मराठी भाषांतराची पडताळणी कोणी केली होती, हा प्रश्न तसाही आलाच असता.

शिरूर_एमओ
धाग्याच्या विषयाला धरूनच विचारतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात साथीची जी पाहणी होते, तिचा लेख अशा जर्नलला जातो का? गावातला अतिसाराचा उद्रेक, पाण्याचे नमुने, सर्वेक्षण, सगळे कागद असतात. पण एथिक्स कमिटी नसते.

संपादनसहाय
जातो, आणि असे लेख यायला हवेत. पुरंदर तालुक्यातल्या बेलसरचा २०२१ चा झिका असो की सिंहगड रस्त्यावरचा २०२५ चा जीबीएस (गिलियन-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार), अशा घटनांत पहिली माहिती तालुक्याच्या आणि वॉर्डाच्या पातळीवरच गोळा होते. लेख होण्यासाठी मात्र पाहणी करतानाच काही गोष्टी लिहून ठेवाव्या लागतात. रुग्णाची व्याख्या : काळ, जागा, लक्षणे यांसह. उदाहरणार्थ, 'अमुक तारखेपासून अमुक गावातील रहिवाशाला २४ तासांत तीन किंवा अधिक वेळा पातळ जुलाब'. लाइन लिस्ट, म्हणजे रुग्णांची यादी : वय, लिंग, वाडी, लक्षणे सुरू झाल्याची तारीख, पाण्याचा स्रोत. लक्षणे सुरू झाल्याची तारीख नसेल आणि नुसती दवाखान्यात आल्याची असेल, तर साथीचा आलेख चुकतो. बाजारच्या दिवशी ओपीडीला आलेली गर्दी साथीचा कळस वाटू लागते. वाडीनिहाय हल्ला-दर (दर शंभर लोकांमागे किती आजारी) काढायला छेदात लोकसंख्या हवी, ती आशाच्या सर्वेक्षणातून घ्या.

आणि कारण सिद्ध करायचे तर नुसते आजारी लोक पुरत नाहीत. आजारी नसलेल्यांनाही तेच प्रश्न विचारायला हवेत. 'रुग्णांपैकी ९० टक्के लोक त्या विहिरीचे पाणी पीत होते' हे वाक्य, अख्खे गावच तिथले पाणी पीत असेल तर निरर्थक ठरते.

एथिक्सचे : साथीला प्रतिसाद देणे हे तुमचे कर्तव्य आहे, त्यासाठी परवानगीची वाट पाहायची नसते. पण तीच माहिती संशोधन लेख म्हणून छापायची तर नोंदणीकृत एथिक्स कमिटीकडून मंजुरी किंवा सूट दिल्याचे पत्र घ्या. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या पीएसएम विभागाला सोबत घेतले की हा प्रश्न सुटतो आणि सांख्यिकीची मदतही मिळते. शिवाय जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागेल. क्षयरोगाची निक्षय या सरकारी नोंदप्रणालीतली माहिती असेल तर त्या कार्यक्रमाच्या अधिकाऱ्यांची. मनपा हद्दीत मनपाच्या आरोग्य विभागाची. तोंडी 'हो' चालत नाही, जावक क्रमांकाचे पत्र हवे.

लेखात वाडीचे नाव आणि वय-लिंग एकत्र आले की तीन रुग्णांच्या वाडीत कोण ते सगळ्यांना कळते. तालुक्यापर्यंतच नाव द्या.

ग्रंथपाल_कोथरूड
एथिक्सबद्दल सगळ्यांसाठीच : समितीच्या पत्राची तारीख माहिती गोळा करायला सुरुवात होण्याच्या आधीची हवी. पत्र मार्चचे आणि लेखात 'जानेवारी ते जून' असे लिहिले असेल तर लेख तिथेच संपतो. जैववैद्यकीय आणि आरोग्य संशोधन तपासणाऱ्या समित्यांना २०१९ च्या नियमांनुसार आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी करावी लागते, तो क्रमांक मागितला जातो. अभ्यासात हस्तक्षेप असेल, समजा समुपदेशन करून फरक पाहिला असेल, तर सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी. १ एप्रिल २०१८ पासून तिथे पहिला सहभागी घेण्याआधीच नोंदणी करावी लागते, मागाहून होत नाही. पाषाण यांच्या अभ्यासाला ती लागू नाही.

वारजे_वाचक
लेखकांचा क्रम? विभागप्रमुखांचे नाव घालावेच लागते ना?

मुळाकाठ
वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे चार निकष आहेत आणि चारही पूर्ण व्हायला हवेत : संकल्पना, माहिती गोळा करणे किंवा विश्लेषण यांत भरीव वाटा, मसुदा लिहिणे किंवा त्यात बौद्धिक सुधारणा करणे, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि लेखातल्या प्रत्येक गोष्टीची जबाबदारी घेणे. विभागप्रमुख असणे, जागा देणे, निधी आणणे यांपैकी काहीच यात बसत नाही. त्यांचे आभार मानायचे, आणि आभारात नाव घालायलाही त्यांची लेखी संमती घ्यायची. उलट बाजूने, सांख्यिकी करणाऱ्याने मॉडेल ठरवले असेल आणि मसुदा वाचून सुधारला असेल तर त्याला आभारात टाकून मोकळे होणे अन्यायाचे आहे.

संपादनसहाय
निकष बरोबर आहेत, पण विभागात रोज काम करणाऱ्या रेसिडेंटला ते सरांपुढे मांडता येत नाहीत, हेही खरे. व्यवहारातला उपाय असा की पहिला मसुदा सगळ्यांना एकाच ईमेलवर पाठवायचा, सोबत 'कोणी काय केले' हा तक्ता जोडायचा आणि प्रत्येकाला आपली ओळ भरून सुधारणांसह परत पाठवायला सांगायचे. ज्यांना नाव हवे ते मग वाचतात आणि सुधारतात, म्हणजे निकष खरोखर पूर्ण होतात. आराखडा एथिक्स कमिटीकडे जातानाच हे केले तर सर्वात बरे. लेख सादर झाल्यावर नाव वाढवायचे किंवा काढायचे असेल तर सगळ्यांच्या सह्यांचे पत्र आणि कारण द्यावे लागते, आणि संपादक त्याकडे संशयाने पाहतो.

पाषाण_पीएसएम
हे उपयोगी आहे. आता फाइल?

संपादनसहाय
साधारणपणे दोन मुख्य फाइल. पहिल्या पानाची फाइल : शीर्षक, छोटे शीर्षक, लेखकांची नावे, पदे, संस्था, पत्रव्यवहार कोणाशी करायचा, शब्दसंख्या, तक्त्यांची संख्या, निधी, हितसंबंध, आभार. दुसरी लेखाची फाइल, तिच्यात कोणाची ओळख पटेल असे काहीही नको, कारण समीक्षण दोन्ही बाजूंनी नावे झाकून होते. नावे काढली तरी ओळख राहते ती तीन ठिकाणी. एक, पद्धतींमधले 'आमच्या अमुक महाविद्यालयाच्या नागरी आरोग्य केंद्राच्या क्षेत्रात' हे वाक्य. तिथे 'पुण्यातील एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या नागरी क्षेत्रात' लिहा. दोन, एथिक्स कमिटीचे पूर्ण नाव आणि मंजुरी क्रमांक. तो पहिल्या पानावर जातो. तीन, वर्ड फाइलचे गुणधर्म, तिथे संगणकाच्या मालकाचे नाव असते. 'दस्तऐवज तपासा' या सोयीने ते पुसा. ट्रॅक चेंजेस आणि बाजूच्या टिप्पण्याही काढा.

सोबत स्ट्रोब ही लेखात काय काय हवे त्याची तपासयादी भरून जोडा. निरीक्षणात्मक अभ्यासासाठी तिच्यात २२ मुद्दे आहेत आणि प्रत्येकापुढे तो लेखात कोणत्या पानावर आहे ते लिहायचे असते. मागितली नसली तरी भरा. मुद्दा १३, म्हणजे प्रत्येक टप्प्यावर किती लोक होते, आणि मुद्दा १२ मधले अपूर्ण माहितीचे काय केले, हे दोन जवळजवळ नेहमी सुटलेले असतात.

तक्ते वर्डच्या टेबल सोयीने करा, एक्सेलचे चित्र चिकटवू नका. प्रत्येक टक्क्यापुढे छेद हवा. एखाद्या प्रश्नाला ३६० पैकी ३४२ जणांनीच उत्तर दिले असेल तर तिथे ३४२ लिहा. तक्त्यातली बेरीज, मजकुरातला आकडा आणि सारांशातला आकडा हे तिन्ही जुळतात का, ते दुसऱ्या माणसाकडून पेन्सिलने तपासून घ्या. स्वतःला या चुका दिसत नाहीत. संदर्भ व्हँकुव्हर पद्धतीने (मजकुरात क्रमांक, शेवटी त्याच क्रमाने यादी), सहा लेखकांपर्यंत सगळी नावे, पुढे 'इत्यादी'ची ठरलेली खूण. संदर्भ लावून देणारे झोटेरो सॉफ्टवेअर मोफत आहे, हाताने क्रमांक घालू नका. दुरुस्तीत एक संदर्भ मध्ये आला की पुढचे सगळे बदलतात.

आकडेमोड
ऑर्किड क्रमांक (संशोधकाचा ओळख क्रमांक) सगळ्या लेखकांनी आधीच काढून ठेवा, १६ अंकी, मोफत. सादर करण्याच्या रात्री एका सहलेखकाचा क्रमांक नाही म्हणून काम थांबते.

वारजे_वाचक
साम्य तपासणीत (उचललेला मजकूर शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) प्रबंधच सापडला तर? आणि इंग्रजी सुधारायला एआय वापरले तर चालते का?

ग्रंथपाल_कोथरूड
प्रबंध विद्यापीठाच्या किंवा इतर भांडारात असेल तर साम्य दिसणारच. आवरणपत्रात स्पष्ट लिहा की हा लेख एमडी प्रबंधावर आधारित आहे, इतरत्र प्रसिद्ध झालेला नाही, दुसरीकडे विचाराधीन नाही. प्रबंध म्हणजे पूर्वप्रसिद्धी असे बहुतेक संपादक मानत नाहीत. परिषदेत पोस्टर सादर केले असेल तर तेही सांगा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पण तो विद्यापीठांसाठीचा नियम आहे. जर्नलचा संपादक टक्के पाहत बसत नाही, तो साम्य कुठे आहे ते पाहतो. पद्धतींमध्ये १२ टक्के समजून घेतले जाते, चर्चेत एकाच लेखातून उचललेला ४ टक्क्यांचा परिच्छेद नाही.

एआयचे : ते लेखक होऊ शकत नाही, आणि वापरले तर कशासाठी ते जाहीर करायचे. संदर्भ मात्र त्याच्याकडून घेऊच नका. अस्तित्वात नसलेले लेख ते बिनदिक्कत रचते. प्रत्येक संदर्भ पबमेडमध्ये उघडून पाहा. आणि रुग्णांची माहिती असलेली मास्टर चार्ट अशा कोणत्याही सेवेवर चढवू नका. संमतीपत्रात तशी परवानगी कोणी घेतलेली नसते.

मुळाकाठ
समीक्षकांची उत्तरे आली की पुढचे काम. दोन स्तंभांचा तक्ता करा : डावीकडे समीक्षकाचा मुद्दा शब्दशः, उजवीकडे उत्तर, बदललेले वाक्य आणि पान-ओळ. 'सूचनेप्रमाणे बदल केला' एवढे पुरत नाही, बदललेले वाक्यच द्या. समीक्षकाचे म्हणणे पटले नाही तर नाही म्हणता येते, मात्र पुराव्यासह. 'नमुना लहान आहे' अशी टीका आली तर नमुना आता वाढवता येत नाही. विश्वास मर्यादा दाखवा आणि मर्यादांच्या परिच्छेदात ते लिहा. मर्यादा लिहिताना दिशा सांगा. गोळ्या मोजण्यापूर्वी काहींनी त्या टाकून दिल्या असतील तर सातत्य प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसेल. ही दिशा सांगणारे वाक्य 'हा अभ्यास एकाच वस्तीपुरता होता' यापेक्षा कितीतरी मोलाचे आहे.

टेबलावरून परत आला तर सोबतचे कारण वाचा. 'व्याप्तीत बसत नाही' असेल तर तोच लेख दुसऱ्या जर्नलच्या सूचनांप्रमाणे बसवून पाठवा. पद्धतीवर बोट ठेवले असेल तर दुरुस्त केल्याशिवाय कुठेच पाठवू नका. या क्षेत्रात समीक्षक मोजके आहेत, तोच लेख त्याच माणसाकडे दुसऱ्या जर्नलमधून जातो. आणि एकाच वेळी दोन ठिकाणी कधीही नाही.

पाषाण_पीएसएम
गोळ्या मोजण्याचा उल्लेख मंजूर आराखड्यात आहे, आत्ताच पाहिला. एक शेवटचा प्रश्न : स्वीकृती आल्यावर लेखकाकडे काही काम उरते का?

संपादनसहाय
प्रूफ. ते दोनतीन दिवसांच्या मुदतीने येते आणि बहुतेक जण नुसते 'ठीक आहे' कळवतात. तसे करू नका. तक्ते पुन्हा मांडताना स्तंभ सरकतात, दशांश चिन्ह हलते, '<' चे '>' होते. प्रत्येक आकडा तुमच्या मूळ आउटपुटशी लावून पाहा, प्रकाशकाला पाठवलेल्या वर्ड फाइलशी नाही. मग नावे : पबमेडमध्ये आडनाव आणि आद्याक्षरे जशी जातील तशीच राहतात. मराठी नावात मधले वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव एका लेखात येते, दुसऱ्यात येत नाही, आणि एकाच व्यक्तीचे लेख दोन नावांखाली विभागतात. ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा. प्रूफमध्ये शब्द आणि आकडे दुरुस्त होतात, नवे विश्लेषण किंवा नवा लेखक घालता येत नाही. छापल्यानंतर चूक सापडली तर शुद्धिपत्र निघते आणि ते लेखाला कायमचे जोडलेले राहते.